एकच लेन्स, पंधरा हजार आणि माहुली

ऑफिसात ज्याच्या गळ्यात कधीतरी डीएसएलआर दिसलाय, त्याला वर्षातून एकदा तरी हा प्रश्न येतोच. "यार, एकच लेन्स घ्यायचीये. सगळं त्यातच झालं पाहिजे आणि स्वस्त पाहिजे. कुठली घेऊ?" प्रश्न विचारायला पाच सेकंद लागतात. उत्तर द्यायला बसलं की विचारणारा चहा संपवून जागेवर जाऊन बसलेला असतो. तेव्हा म्हटलं, एकदा काय ते नीट लिहूनच टाकावं. आजचा शनिवार ह्या विषयाला!

आधीच सांगतो, मी काही फोटोग्राफर नाही. सोमवार ते शुक्रवार ऐरोलीला कोड लिहितो, शनिवार-रविवार शहापूर-मुरबाडच्या डोंगरांत भटकतो आणि ह्या दोन्हींच्या मधला वेळ आसनगाव ते ठाणे लोकलमध्ये उभा असतो. त्यामुळे खाली जे लिहिलंय ते एक पाठपिशवी आणि एक पगार असलेल्या माणसानं लिहिलंय असं समजा. ज्यांच्याकडे तीन लेन्सांचे पैसे आणि त्या वाहून न्यायला गाडी आहे, त्यांनी इथूनच रजा घेतली तरी चालेल. :-)

कॅमेरा माझ्याकडे आला तो सेकंडहॅण्ड. टीममधला एक जण ऑनसाईटला गेला, जाताना त्याचा निकॉन डी ५६०० मला देऊन गेला (फुकट नाही, बाजारभावानं!). सोबत कंपनीची नेहमीची १८-५५ ची किट लेन्स. दीड वर्ष मी तीच वापरली. मग दिवाळीच्या बोनसमधून बहिणीची कॉलेजची फी, आईचा चष्मा आणि घराचं पत्र्याचं काम वजा जाता पंधरा हजार उरले. ह्या पंधरा हजारांत लेन्स घ्यायची असं मनात ठरवलं आणि घरी बोलून बसलो.

बाबा म्हणाले, "पंधरा हजार? अरे, मोबाईलमध्ये निघत नाहीत का फोटो?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जेवणाचं ताट, लग्नातला ग्रुप, धबधब्याखालचे मित्र हे सगळं आजचा मोबाईल इतकं छान काढतो की निम्म्या लोकांना कॅमेऱ्याची गरजच नाही. तुम्ही त्या निम्म्यांत असाल तर पैसे वाचले, अभिनंदन. पण आमच्याकडची गोष्ट थोडी वेगळी आहे. आसनगाव स्टेशनात उतरलं की माहुलीचे सुळके आभाळात उभे दिसतात. वजीर, नवरा, नवरी... ओळीनं. मोबाईलमधून काढा, ते दातांच्या कोरणीसारखे दिसतात. झूम करा, मोबाईल हुशारीनं काहीतरी रंगवून देतो, पण तो दगड दगडासारखा दिसत नाही. मधल्या किमतीच्या बऱ्याच फोनांत लांबचं बघणारी वेगळी लेन्स नसतेच. ज्यांत असते तो फोन घ्यायचा तर माझा कॅमेरा, लेन्स आणि पाठपिशवी धरूनही पैसे उरतील.

बाबांचाही मुद्दा होता म्हणा. त्यांनी स्वतः याशिका एमएफ-२ वर पंधरा वर्षं काढली. त्याला ३८ मिमीची एकच भिंग, झूम वगैरे भानगड नाही. छत्तीसचा रोल, त्यात सदतिसावा-अडतिसावा फोटो ओढून काढायचा. "आमचा झूम म्हणजे पाय. पुढे जायचं, मागे यायचं." हे त्यांचं वाक्य मोठमोठे फोटोग्राफरही सांगतात आणि सपाटीवर ते शंभर टक्के खरंय. पण वजीर सुळका आणि तुम्ही ह्यांच्यात दरी असते. आवणीच्या दिवसांत बांध आणि माणूस ह्यांच्यात गुडघाभर चिखलाचं खाचर असतं. तिथं पायांचा झूम चालत नाही.

बरं, मग दोन लेन्स का नकोत? हा खरा प्रश्न. शास्त्र म्हणून बघितलं तर १८-५५ आणि तिच्या जोडीला ७०-३०० ही जोडी जवळजवळ प्रत्येक 'सगळ्यात एक' लेन्सपेक्षा चांगले फोटो देते आणि सेकंडहॅण्ड बाजारात पंधरा हजारांत बसतेही. पण लेन्स बदलण्यासाठी हात मोकळे लागतात, थांबायला वेळ लागतो आणि हवा स्वच्छ लागते. आमच्या दोन तालुक्यांत ह्या तिन्ही गोष्टी एका वेळी क्वचितच मिळतात.

उदाहरणार्थ म्हशाची यात्रा. मुरबाड तालुक्यात, पौष पौर्णिमेला, खांबलिंगेश्वराची. बैलबाजारासाठी प्रसिद्ध. हजारो माणसं आणि शेकडो बैल एका माळावर उतरले की जी धूळ उठते, ती दुपारपर्यंत पापण्यांवर बसते. तिथं लेन्स काढायची म्हणजे कॅमेऱ्याचं पोट उघडं टाकून ती धूळ आत घ्यायची. सेन्सरवर एक कण बसला की पुढच्या प्रत्येक फोटोत आभाळात तोच एक काळा ठिपका. पावसाळ्यात तर विषयच नको. जुलैत माळशेजच्या वाटेवर ढग आडवे वाहतात, तिथं लेन्स बदलणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

आणि नाणेघाट घ्या. मुरबाडहून वैशाखरेपर्यंत गाडीनं यायचं, पुढे दगडी पायऱ्यांनी चढायचं. वर सातवाहनांची गुहा, भिंतीवर नागणिकेचा शिलालेख. गुहेत मागे सरकायला जागा मर्यादित, म्हणजे जितकं रुंद दिसेल तितकं हवं. बाहेर येऊन वर पठारावर गेलात की समोर जीवधन आणि त्याला लागून वानरलिंगीचा सुळका. तिथं लांबचं हवं. एकाच सकाळी, अर्ध्या तासाच्या अंतरानं, एक टोक आणि दुसरं टोक. बरोबरची मंडळी पुढे चाललेली असतात आणि "थांबा रे, लेन्स बदलतोय" हे वाक्य ट्रेकमध्ये दुसऱ्यांदा म्हटलं की पुढच्या वेळी ग्रुपवरचा मेसेज तुम्हाला येत नाही.

थोडक्यात, माझ्यासाठी तुलना 'चांगला फोटो की मध्यम फोटो' अशी नव्हतीच. मध्यम फोटो की फोटोच नाही, अशी होती. तुमच्या बाबतीत तसं नसेल, तुम्ही निवांत बसून काढणारे असाल, तर खुशाल दोन लेन्स घ्या. एकच लेन्स घ्यायची की नाही हे आधी ठरवा. कुठली घ्यायची हे नंतर.

आता ही 'सगळ्यात एक' म्हणजे नेमकी भानगड काय? ह्या प्रकाराला सुपरझूम म्हणतात. त्याची सुरुवात १९९२ साली टॅमरॉनच्या २८-२०० मिमी लेन्सपासून धरतात. तोपर्यंत इतका मोठा पल्ला एका नळीत आणि खिशाला परवडेल अशा आकारात मिळत नव्हता. डिजिटल आल्यावर २००५ मध्ये निकॉननं स्वतःची १८-२०० काढली, त्यात हात हलला तरी सावरून घेणारी व्यवस्था, ज्याला निकॉन व्हीआर म्हणतं, टॅमरॉन व्हीसी म्हणतं आणि कॅनन आयएस. मग स्पर्धाच लागली. टॅमरॉन २००८ ला १८-२७० वर गेली, २०१४ ला १६-३०० वर आणि २०१७ ला १८-४०० वर. म्हणजे बावीस पट झूम!

इंजिनिअरिंग केलेल्याला वेगळं सांगायला नको, इतकी पट फुकट मिळत नसते. एकाच नळीतल्या भिंगांना रुंद दृश्यही काढायचंय आणि दूरचंही, म्हणजे प्रत्येक ठिकाणी तडजोड. पहिली तडजोड प्रकाशाची. लेन्सवर एफ ३.५-६.३ असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ रुंद टोकाला ३.५ आणि लांबच्या टोकाला ६.३. आकडा वाढला की भोक लहान होतं. हिशोब वर्गाचा आहे. ६.३ भागिले ३.५ म्हणजे १.८, त्याचा वर्ग ३.२४. म्हणजे पूर्ण झूम केलात की आत येणारा प्रकाश एक तृतीयांशाच्याही खाली जातो. उन्हात कळत नाही. संध्याकाळी मांडवात हळदीचे फोटो काढताना चांगलंच कळतं.

दुसरी तडजोड रेषांची. १८ ला घराची भिंत थोडी पोट सुटल्यासारखी दिसते, झूम केल्यावर तीच आत दबते. हा दोष हल्ली कॅमेरा किंवा सॉफ्टवेअर आपोआप काढून टाकतं, त्यामुळे झोप उडवून घेऊ नका. तिसरी, कडेची धार. मध्यभाग टकाटक, कोपरे जरा मऊ. आणि चौथी गोष्ट जाहिरातीत कुणी सांगत नाही. ह्यातल्या बऱ्याच लेन्सा जवळच्या वस्तूवर फोकस केल्या की नळीवर लिहिलेला पल्ला पूर्ण देत नाहीत. दूरच्या डोंगरासाठी २०० म्हणजे २००, पण चार हातांवरच्या फुलपाखरासाठी तेच २०० बरंच आखडतं.

असो. एवढं वाचून झालं की माणूस रिव्ह्यू बघायला लागतो आणि तिथंच अडकतो. मीही दोन आठवडे रात्री विटांच्या भिंतींचे फोटो चारशे टक्के मोठे करून बघत होतो. (खरंच, लेन्स तपासायला लोक विटांच्या भिंतींचे फोटो काढतात. आमच्याकडे वीटभट्ट्यांना तोटा नाही, पण तरीही.) मग वाटलं, आपण रोज ऑफिसात काय करतो? सर्व्हर हळू चालतोय म्हणून कुणी नवा सर्व्हर मागितला तर आपण आधी लॉग बघतो. इथं लॉग कुठंय? आहे की! प्रत्येक डिजिटल फोटोच्या पोटात तो किती मिमीला काढला, शटर किती होतं, आयएसओ किती होता हे सगळं लिहिलेलं असतं. त्याला एक्झिफ म्हणतात आणि ते वाचायला एक्झिफटूल नावाचं फुकट साधन आहे. दीड वर्षाचे फोटो एका फोल्डरात टाकले, दहा ओळींची स्क्रिप्ट लिहिली आणि कुठल्या मिमीला किती फोटो हे मोजलं.

निकाल असा आला की आलेखाला दोन शिंगं. एक १८ वर, एक ५५ वर. मधे सगळं भुईसपाट. म्हणजे मी एकतर पूर्ण रुंद करतो नाहीतर पूर्ण झूम करून टोकाला आपटतो. १८ चं शिंग समजलं, त्यामुळे १८ पासून सुरू न होणारी प्रत्येक लेन्स यादीतून गेली. पण ५५ चं शिंग फसवं आहे. ते एवढंच सांगतं की मला आणखी झूम हवा होता. किती हवा होता, ते सांगत नाही. सर्व्हरचा सीपीयू शंभर टक्क्यांवर अडकलाय एवढं कळतं, मागणी नेमकी किती ते कळत नाही, तशातला प्रकार.

पण तेही दुसरीकडे लिहिलेलं होतं. ५५ ला काढलेले जे फोटो मला आवडले, ते मी नंतर घरी कापून मोठे केले होते. कापलेल्या फोटोची रुंदी बघा. माझा कॅमेरा सहा हजार पिक्सेल रुंद फोटो देतो. कापल्यावर तीन हजार उरले असतील तर मला खरं तर ११० मिमी हवं होतं. चोवीसशे उरले असतील तर साधारण १३७. सूत्र सोपं आहे, सहा हजार भागिले उरलेली रुंदी, गुणिले ५५. हीच स्क्रिप्ट कापलेल्या फोटोंवर चालवली आणि उत्तर आलं ८० ते १४० च्या मधे. बैलांची तोंडं, लोकलच्या दारातून दिसणारा माहुली, अंगणात बसलेली म्हातारी माणसं, सगळं ह्याच पट्ट्यात. २०० च्या पलीकडे गेलेले फोटो हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि ते सगळे पक्ष्यांचे.

आता पक्ष्यांचं काय करायचं? कारण झूम म्हटलं की सगळ्यांना आधी पक्षीच आठवतात. आणि तानसाचं जंगल तर आमच्या दारात. रानपिंगळा नावाचं घुबड १८८४ नंतर शंभराहून जास्त वर्षं कुणाला दिसलं नव्हतं. नामशेष झालं असंच धरून चालले होते. ते १९९७ साली नंदुरबारकडे शहाद्याजवळ पुन्हा सापडलं आणि २०१४ मध्ये चक्क तानसा अभयारण्यात दिसलं. मुंबईच्या एवढ्या जवळ! कुठल्याही कॅमेरेवाल्याचे हात शिवशिवतील. पण हिशोब करा. हा पक्षी वीतभर, म्हणजे साधारण २३ सेंटीमीटर. समजा तो तीस मीटरवरच्या फांदीवर बसलाय. माझ्या सहा हजार पिक्सेलच्या फोटोत तो १४० मिमीला पावणेतीनशे पिक्सेलांचा दिसेल. २०० मिमीला चारशेच्या आत. ४०० ला कुठं पावणेआठशे. म्हणजे १४० ऐवजी २०० घेतल्यानं पक्ष्यांचा प्रश्न सुटत नाही, नुसता थोडा मोठा ठिपका मिळतो. पक्षी हा वेगळा छंद आहे, त्याची लेन्स वेगळी, बजेट वेगळं आणि पहाटे चारला उठायची तयारीही वेगळी. मी तो छंद ह्या पंधरा हजारांच्या बाहेर ठेवला. एकदा हे कबूल केलं की निवड एकदम सोपी होते.

उरले दोन उमेदवार. पहिली टॅमरॉनची १८-२००, २०१५ ची, व्हीसीवाली. वजन फक्त ४०० ग्रॅम, खिशालाही हलकी. दुसरी निकॉनची १८-१४०, २०१३ ची, वजन ४९० ग्रॅम. ही पूर्वी मोठ्या कॅमेऱ्यांसोबत किट म्हणून मिळायची, त्यामुळे सेकंडहॅण्ड बाजारात भरपूर आहे. कागदावर टॅमरॉन जिंकते, कारण २०० हा आकडा १४० पेक्षा मोठा आहे! पण १४० च्या फोटोचा २०० एवढा भाग कापला तर चोवीस मेगापिक्सेलांतले पावणेबारा उरतात. त्यात ए-फोर आकाराची प्रिंट आरामात निघते. उलट लांबच्या टोकाला निकॉन एफ ५.६ देते, टॅमरॉन ६.३. म्हणजे निकॉनमध्ये सव्वापट प्रकाश जास्त. आणि अनेक डीएसएलआरचा ऑटोफोकस ५.६ पर्यंतच भरवशाचा धरला आहे. माझा लॉग १४० ला संपत होता. मी १८-१४० घ्यायचं ठरवलं.

तुमचा लॉग वेगळं सांगेल. तुमच्याकडे कॅनन असेल तर १८-१३५ ही तिची चुलत बहीण समजा. तुम्ही मिररलेस घेणार असाल तर वरची नावं विसरा, पण रीत तीच ठेवा. निकॉननं त्यांच्यासाठी २०२१ मध्ये वेगळी १८-१४० काढली. ती माझ्या कॅमेऱ्यावर बसत नाही आणि माझी त्यावर ॲडॉप्टरशिवाय बसत नाही. दुकानात नुसतं "निकॉनची १८-१४०" म्हणू नका.

खरेदी मुंबईला, सीएसएमटीसमोरच्या बोरा बाजारात. तिथं कॅमेऱ्यांची दुकानं दाटीनं आहेत, नवं-जुनं दोन्ही मिळतं. सेकंडहॅण्ड घेणाऱ्यांनी काय बघायचं ते क्रमानं सांगतो. स्वतःचा कॅमेरा घेऊन जा, दुकानदाराच्या कॅमेऱ्यावर बघू नका. लेन्सची दोन्ही झाकणं काढून मोबाईलच्या टॉर्चनं एका बाजूनं उजेड टाका आणि दुसऱ्या बाजूनं बघा. धुळीचे चार कण असणारच, त्यांनी फोटोला काही होत नाही. पण कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. कोकणपट्टीतल्या दमट हवेत कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला ती हमखास लागते. अशी लेन्स कितीही स्वस्त असली तरी हात जोडून परत द्या. मग लेन्स खाली तोंड करून धरा आणि जराशी हलवा. नळी आपोआप घसरत बाहेर आली तर ती ढिली झालीय, हनुवटी वर-खाली केली की फ्रेम बदलणार. झूमची कडी दोन्ही टोकांपर्यंत फिरवा, मधे खरखर नको. हात सावरायची व्यवस्था चालू-बंद करून १४० ला एक तिसांश सेकंदाचे पाच फोटो काढा, फरक दिसला पाहिजे. आणि जुन्या टॅमरॉन, सिग्मा घेताना दोन प्रश्न विचाराच. ही स्थिरतेवाली आहे का? आणि फोकसची मोटर लेन्सच्या आत आहे का? डी ३००० आणि डी ५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत मोटर नसते. लेन्समध्येही नसली तर आयुष्यभर हातानं फोकस करत बसा.

मला चौथ्या दुकानात मनासारखी मिळाली. घासाघीस करून, पुढच्या काचेवर लावायचा ६७ मिमीचा फिल्टर धरून पंधरा हजारांच्या आत. कसारा लोकलमध्ये ती पिशवी मी पोटाशी धरून आणली.

आता हे सगळं कशासाठी, ते सांगतो. माझे मामा शहापूर तालुक्यातच, जरा आत राहतात. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला आणि ७०१ किलोमीटरचा नागपूर-मुंबई रस्ता पूर्ण झाला. तो आमच्या तालुक्यातून जातो. मामांची दोन खाचरं रस्त्यात गेली. मोबदला मिळाला, त्यातून घर पक्कं झालं, मामेबहिणीचं शिक्षण झालं. त्यांची तक्रार नाही. पण त्या दोन खाचरांचा घरात एकच फोटो आहे. मामेभावाच्या साखरपुड्याचा. पुढे पंधरा माणसं दाटीनं उभी आणि त्यांच्या डोक्यांच्या मधून हिरवं काहीतरी दिसतं. ते खाचर. बांधावरचा आंबा तर फोटोच्या बाहेरच राहिला. मामी कुणी आलं की त्या फोटोवर बोट ठेवून सांगते, "इथं होतं बघा." समोरच्याला बोटाखाली काहीच दिसत नाही.

लेन्स घेतल्यावर मामाच म्हणाले, "उरलंय त्याचा काढून ठेव. तुझी पोरं विचारतील भात कुठं लावायचे."

म्हणून जुलैत आवणीला गेलो. मामींना आणि कामावरच्या बायकांना आधी विचारलं. त्या हसल्या, म्हणाल्या, "काढ, पण चिखलाचं तोंड नको काढू." पाऊस होताच. माझा कॅमेरा काही पावसात भिजण्यासारखा नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीला भोक पाडून लेन्सचं तोंड बाहेर काढलं आणि कडेनं रबर लावला. हे आमचं वेदर सीलिंग. बांधावर उभं राहून १८ ला सगळं खाचर घेतलं, मागे ढगांत अर्धा बुडालेला डोंगर, कोपऱ्यात राब भाजलेल्या जागेत उरलेली रोपं. आणि मग जागेवरूनच, पाऊलही न हलवता, १४० ला मामींचे हात. डाव्या हातात मूठभर रोपं, उजव्या हाताची तीन बोटं चिखलात. सुरुवातीला बायका माझ्याकडे बघत होत्या. मी लांब होतो, हलत नव्हतो, त्यामुळे थोड्या वेळानं विसरल्या आणि त्यांचं बोलणं आणि लावणं सुरू झालं. नुसता मोबाईल असता तर मला खाचरात उतरावं लागलं असतं, आणि मी उतरलो असतो तर काम थांबलं असतं.

रात्री तेच फोटो मोठ्या स्क्रीनवर बघितले. कोपरे मऊ आहेत. डोंगराच्या कडेला किंचित जांभळी रेघ दिसते. रिव्ह्यूवाल्यांनी लिहिलेलं सगळं बरोबर आहे. पण मामींनी फोटोत आधी बांध शोधला, मग बांधावरचा दगड, मग "हे काय, ही रांग वाकडी झाली" म्हणून स्वतःलाच हसल्या. कोपऱ्यांकडे कुणी बघितलं नाही. बाबांनी मात्र चष्मा पुसून बराच वेळ हातांचा फोटो बघितला आणि विचारलं, "हा किती लांबून काढलास?" मी अंतर सांगितलं. त्यावर ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी पेटीतला याशिका काढून पुसून ठेवला, एवढंच.

ह्या लेन्सनं काय होत नाही, तेही लिहितो, नाहीतर हा लेख जाहिरात होईल. रात्रीचे फोटो नाही. गावच्या हळदीत एकच ट्यूबलाईट असते, तिथं ५.६ ला आयएसओ इतका वाढवावा लागतो की फोटोवर रवा सांडल्यासारखा दिसतो. हात सावरणारी व्यवस्था तुमचा हात सावरते, नाचणारी पोरं सावरत नाही. त्यासाठी पुढे कधीतरी ३५ मिमी एफ १.८ सारखी छोटी लेन्स घेईन. ती ५.६ च्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. पक्ष्यांचं तर सांगितलंच. फुलांचं बरं येतं, पण खऱ्या मॅक्रोसारखं नाही. आणि झूम करताना नळी आत-बाहेर होते, त्याबरोबर हवा आणि बारीक धूळही आत जाते. म्हशाला जाऊन आल्यावर ब्लोअरनं फुंकायची आणि पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवायची, एवढी सेवा तिला लागते.

तर मंडळी, "कुठली घेऊ?" ह्याचं माझं उत्तर एका लेन्सचं नाव नाही. आधी जी आहे तिच्यावर, किंवा मित्राच्या उसन्या किट लेन्सवर, चार-सहा महिने फोटो काढा. मग तुमचेच फोटो मोजा. रुंद टोकाला किती वेळा आपटलात, लांबच्या टोकाला किती वेळा, आणि कापून नेमकं कुठवर गेलात. त्या आकड्यापर्यंत जाणारी, तुमच्या पैशांत बसणारी, त्यातल्या त्यात जास्त प्रकाश घेणारी लेन्स घ्या आणि त्यापुढच्या मिमींचा मोह सोडा. स्क्रिप्ट येत नसेल तर पन्नास आवडते फोटो उघडून कागदावर रेघा मारल्या तरी उत्तर तेच येतं. लेन्सला पैसे देण्याआधी हा एक रविवार खर्च करा, तो फुकट आहे.

आणि लेन्स आली की विटांच्या भिंतीचे फोटो काढत बसू नका. घरातलं, गावातलं जे पुढच्या वर्षी असेलच असं नाही, त्याची यादी करा. माझ्या यादीत पुढचं नाव आमच्या आळीतल्या जुन्या भातगिरणीचं आहे. मालक ती विकायला निघालेत. उद्या रविवार, सकाळी आठला दार उघडतात.